मनगटावरील बाजारपेठ

व्यापारी घरात घड्याळाला नेहमीच मान राहिला आहे. पेढी उघडण्याची वेळ, हुंडीची मुदत, मालाच्या गाडीची वेळ, शुभकार्याचा मुहूर्त आणि सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचे जेवण, असा आपला सारा दिवस वेळेच्या दोऱ्यात ओवलेला असतो. एके काळी मुलगा मॅट्रिक झाला किंवा घरात नवा जावई आला की एचएमटीचे घड्याळ दिले जाई. त्या घड्याळाकडून अपेक्षा एकच असे. रोज सकाळी आपण किल्ली द्यावी आणि दिवसभर त्याने वेळ बरोबर सांगावी. तबकडीच्या आत काय असावे हे कारखान्याने ठरवायचे. बाहेरच्या माणसाला त्यात काही घालण्याची मुभा नव्हती आणि तशी गरजही कोणाला वाटत नव्हती.

स्मार्टवॉच नावाच्या वस्तूने ही रीत मोडली. येथे घड्याळ बनविणारी कंपनी एक असते आणि त्या घड्याळात चालणारी अ‍ॅप लिहिणारे शेकडो लोक वेगळेच असतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर बाजार समितीचे आवार एकाचे आणि त्यातील गाळे निरनिराळ्या व्यापाऱ्यांचे, असा हा प्रकार आहे. आवाराचा मालक रस्ता, वीज आणि काटा पुरवितो. माल आणि गिऱ्हाईक गाळेवाल्याने सांभाळावयाचे. आवाराला शोभा येते ती गाळ्यांमुळे, आणि गाळ्यांचे भवितव्य मात्र आवाराच्या मालकाच्या हाती राहते. या नव्या आवारात अगदी प्रथम ज्यांनी गाळे मांडले त्यांचे काय झाले, हे समजून घेण्याचा प्रसंग मला स्वतःच्या घरातच आला. आज अनेक घरांतील मुले असेच नवनवे व्यवसाय सुचवीत असतात, म्हणून ती हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

२०१५ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे भाईसाहेब म्हणतो, यांची जळगावच्या दाणा बाजारात जुनी पेढी आहे. त्यांचा मोठा मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात स्थिरावला होता. धाकटा संगणक अभियंता; पुण्यातील दोन वर्षांची नोकरी सोडून तो घरी परतला, तेव्हा भाईसाहेबांना वाटले की आता गादीवर बसणारा आला. मुलाच्या मनात निराळेच होते. त्याला स्मार्टवॉचसाठी अ‍ॅप तयार करण्याचा व्यवसाय काढावयाचा होता आणि त्यासाठी घरातून पाच लाख रुपये हवे होते. भाईसाहेबांनी एका वाक्यात नकार दिला. मुलगाही हट्टास पेटला. दोन महिने बाप-लेक एका ताटापुरते समोरासमोर बसत, पण बोलणे भाभीजींमार्फत होई. साठीतला बाप पेढी पुढे कोण चालविणार या चिंतेने झोपत नव्हता, आणि सव्वीस वर्षांचा मुलगा घर सोडून पुन्हा पुण्याला जाण्याची भाषा करीत होता.

मी त्या वेळी धुळ्यास एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होतो. एका रविवारी भाईसाहेबांनी मला बोलावून घेतले. ते म्हणाले, "तू आयुष्यभर लोकांचे कर्जाचे प्रस्ताव तपासलेस. आता घरचा एक तपास. माझे ऐकू नकोस, त्याचेही ऐकू नकोस. आकडा काय म्हणतो ते सांग." पुतण्याही म्हणाला, "काकासा, तुम्ही सगळे पाहा आणि मग नाही म्हणा. न पाहता नाही म्हणू नका." दोघांचेही म्हणणे रास्त होते. मी वही घेऊन बसलो.

पुतण्याची बाजू भक्कम होती. २००७ साली अ‍ॅपल कंपनीचा आयफोन आला तेव्हा बाहेरच्यांना त्यात अ‍ॅप घालता येत नव्हते. जुलै २००८ मध्ये कंपनीने अ‍ॅपचे दुकान उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप होते. पुढे त्याच दुकानाने जगभरातील कितीतरी तरुणांना धनवान केले. आता त्याच कंपनीचे घड्याळ २४ एप्रिल २०१५ रोजी बाजारात आले होते, आणि पहिल्या आठवड्यातच त्यासाठी साडेतीन हजारांहून अधिक अ‍ॅप तयार असल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले होते. त्याचे म्हणणे असे की मोक्याचा गाळा पहिल्या दिवशी घेणाऱ्याला मिळतो. बाजार भरल्यावर जाणाऱ्याच्या वाट्याला कोपरा येतो. दाणा बाजारात वाढलेल्या मुलाने दिलेला हा दाखला भाईसाहेबांनाही खोडता येईना.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "जागेचे भाडे किती?" तो म्हणाला, विकासक म्हणून नाव नोंदविण्याची फी वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेसहा हजार रुपये. शिवाय प्रत्येक विक्रीवर कंपनीचा हिस्सा ३० टक्के. शंभराच्या विक्रीत तीस रुपये आडत ऐकून भाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी हिशेब मांडला. अ‍ॅपची किंमत पन्नास रुपये धरली तर हाती पस्तीस येणार. म्हणजे केवळ नोंदणीची फी भरून काढावयास वर्षाला १८६ गिऱ्हाईके हवीत. पुतण्याची मेहनत, संगणक, वीज हे सारे त्याच्या पुढे.

दुसरा प्रश्न गिऱ्हाईकाचा होता. हे घड्याळ भारतात अजून विक्रीस आलेच नव्हते. ते आले ६ नोव्हेंबर २०१५ रोजी, आणि सर्वांत स्वस्त नग सुमारे एकतीस हजारांचा. शिवाय ते त्याच कंपनीच्या फोनशी जोडल्यावाचून चालत नसे. खानदेशात अशी घड्याळे किती हातांवर दिसतील, हे बोटांवर मोजता आले असते. अर्थात मुलगा जळगावात बसून अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला माल विकू शकत होता. या धंद्याची गंमत तीच होती. परंतु अमेरिकेतील गिऱ्हाइकाला मनगटावर काय हवे आहे हे जळगावात बसून ओळखावयाचे कसे, हा प्रश्न उरत होता.

तिसरा प्रश्न मालाचा. तू नेमके काय विकणार? यावर त्याच्याजवळ अकरा कल्पनांची यादी होती, आणि अकरा कल्पना असणे म्हणजे एकही पक्की नसणे, हे बँकेत तीस वर्षे बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

प्रस्ताव वाईट नव्हता, कच्चा होता. मी असा तोडगा सुचविला की पाच लाखांची गोष्ट एक वर्ष बाजूला ठेवावी. मुलाने सकाळी पेढीवर बसावे, दुपारनंतर आपले काम करावे. नोंदणीची फी आणि एक घड्याळ यांचा खर्च घराने सोसावा. त्याने एकच लहान अ‍ॅप तयार करावे, आणि ते रोज वापरणारा एक खराखुरा माणूस दाखवावा. भाईसाहेब मान हलवून उठले. त्यांच्या बाबतीत तो होकार असतो.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले, कारण शिफारस करणाऱ्याची जबाबदारी मंजुरीनंतर संपत नाही. त्या पहिल्या हजारो अ‍ॅपची अवस्था काय होती, हे त्यामुळे हळूहळू कळत गेले.

अ‍ॅपलने बाहेरच्या विकासकांना घड्याळासाठीची साधने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिली होती, आणि प्रत्यक्ष घड्याळ आले ते पुढच्या एप्रिलमध्ये. म्हणजे बहुसंख्य लोकांनी घड्याळ हातात न बांधता, संगणकाच्या पडद्यावरील चित्र पाहून अ‍ॅप लिहिली होती. शिवाय त्या पहिल्या व्यवस्थेत अ‍ॅपचे सारे काम फोनमध्ये चाले आणि घड्याळावर केवळ त्याचे चित्र उमटे. मधला निरोप ब्लूटूथवरून जावयाचा, त्यामुळे अ‍ॅप उघडण्यास वेळ लागे. फोन हातात धरून आपण दहा सेकंद सहज थांबतो. परंतु मनगट डोळ्यांसमोर उचलून धरून दहा सेकंद थांबून पाहावे, म्हणजे ती दहा सेकंदे किती लांब असतात ते समजते. सप्टेंबर २०१५ मध्ये घड्याळाची दुसरी प्रणाली आली, तेव्हा कोठे बाहेरची अ‍ॅप घड्याळातच चालू लागली. तरीही मुख्य तबकडी कंपनीने स्वतःकडेच ठेवली. बाहेरच्याला तबकडीच्या कोपऱ्यात एक लहानसा कप्पा मिळाला. दर्शनी शटर मालकाचे आणि गाळेवाल्याची पाटी बाजूच्या भिंतीवर, असा तो करार होता.

याहून मोठी अडचण विचारातच होती. बहुतेकांनी फोनवरचे अ‍ॅप आक्रसून घड्याळात बसविले होते. नकाशे, बातम्या, खरेदी, छायाचित्रे, सारे काही दीड इंचाच्या काचेवर. आमच्या क्षेत्राचेच उदाहरण घ्या. मुंबईहून कारभार पाहणाऱ्या दोन मोठ्या खाजगी बँकांनी २०१५ मध्येच घड्याळावर बँकिंग आणले. आयसीआयसीआय बँकेने त्याला 'आयवेअर' नाव दिले आणि एचडीएफसी बँकेने 'वॉचबँकिंग'. अ‍ॅपलचे घड्याळ आपल्या दुकानांत पोहोचण्याआधी त्याचे बँकिंग तयार होते, ही तांत्रिकदृष्ट्या कौतुकाचीच गोष्ट. या बातमीने पुतण्याला हुरूप आला. मला मात्र खातेदार आठवत होते. खात्यातील शिल्लक दिवसातून किती वेळा पाहावी लागते? आणि आपला व्यापारी आपली शिल्लक चारचौघांत मनगटावर उघडी करील काय? पासबुकसुद्धा तो काउंटरवर पाठ वळवून वाचतो.

व्यापाऱ्याला पाहिजे असते ते निराळे. पैसे आले की नाही, एवढेच त्याला तत्क्षणी कळावयास हवे असते. ती गरज पुढे यूपीआयच्या काळात कोणी पुरविली, हे आपण रोज पाहतो. गल्ल्याजवळ ठेवलेली बोलकी पेटी 'इतके रुपये प्राप्त झाले' असे मोठ्याने सांगते. दुकानदाराचे दोन्ही हात तराजूत गुंतलेले असतात, डोळे गिऱ्हाइकावर असतात. मोकळा असतो तो कान. ज्याने हे ओळखले त्याचा माल खपला. घड्याळाच्या अ‍ॅपनी अशीच मनगटाची ओळख करून घ्यावयास हवी होती.

मनगटाची ती ओळख आमच्या पुतण्याला कोणत्याही पुस्तकाने करून दिली नाही. ती करून दिली आमच्या जीजींनी. आमची सर्वांत थोरली बहीण धुळ्याला गल्लीतील जुन्या घरात राहते. त्या वेळी तिचे वय सत्तरीच्या पुढे होते. तरुणपणापासून तिचा चौविहार कधी मोडला नव्हता, आणि सकाळची नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत मुखात काही न घेण्याचा नियमही. गेल्या काही वर्षांत तिला ऐकू कमी येऊ लागले होते. गजर ऐकू येत नसे. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले की सूर्य कोठे आहे ते कळत नसे. मग सूनबाई रोज सायंकाळी येऊन मोठ्याने सांगे, "आई, वेळ होत आली." सून गुणी, सांगण्यात कधी कंटाळा नाही, परंतु सारा जन्म स्वतःचा नियम स्वतः पाळलेल्या बाईला रोज कोणी तरी ओरडून आठवण द्यावी, याचा जीजींच्या मनाला सल होता. ती बोलत नसे. आम्हां भावंडांना ते दिसे.

पुतण्या भुआसांकडे गेला तो मोठ्या उत्साहाने. त्याने अ‍ॅपचा पहिला नमुना तयार केला होता आणि त्यातील मुख्य वस्तू होती सामायिकाचे घड्याळ: दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे पूर्ण झाली की मनगटावर टिचकी. जीजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, यात सेल आहे ना?" तो म्हणाला, "हो भुआसा, रोज चार्ज करावा लागतो." त्यावर ती म्हणाली, "मग सामायिकात मी ते हातात कसे ठेवू?" विजेवर चालणारी वस्तू सामायिकात न वापरण्याचा नियम आपल्या अनेक घरांत आहे, तो मुलाच्या ध्यानातच नव्हता. तिने कपाटातून आपली रेतीची घडी काढून त्याच्यासमोर ठेवली. त्या घडीला चार्जिंग नको, फी नको, आणि ४८ मिनिटांचा हिशेब तिचा कधी चुकला नव्हता. अमेरिकेतील विकासकांनी घड्याळ न बांधता अ‍ॅप लिहिली. आमच्या मुलाने घरातलीच रीत न विचारता लिहिले होते. दोन्ही ठिकाणी वापरणाऱ्याला आधी विचारावयाचे राहून गेले होते.

मात्र जीजींनी त्याला रिकाम्या हाताने पाठविले नाही. ती म्हणाली, "सामायिकाचे राहू दे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मला कळेल असे काही कर."

येथून खरे काम सुरू झाले. प्रथम त्याने मुंबईचे सूर्यास्ताचे तयार कोष्टक घेतले होते. जीजींनी दोन दिवसांत स्थानकात लावलेल्या धुळ्याच्या पत्रकाशी ताडून ते चुकीचे असल्याचे सांगितले. कारण सोपे आहे, पण आपण त्याचा विचार करीत नाही. साऱ्या भारताची घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात, आणि सूर्य मात्र प्रत्येक गावाच्या रेखांशाप्रमाणे उगवतो व मावळतो. एका रेखांशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. जळगाव सुमारे ७५.६ अंशांवर आहे, धुळे ७४.८ वर आणि मुंबई ७२.९ वर. म्हणून जळगावचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरीने सुमारे २८ मिनिटे मागे असतो, धुळ्याचा ३१ मिनिटे. मुंबईचा सूर्यास्त जळगावच्या नंतर साधारण दहा-अकरा मिनिटांनी होतो, धुळ्याच्या नंतर सात-आठ मिनिटांनी. ऋतूप्रमाणे त्यात थोडी कमी-अधिक होते. तेव्हा मुंबईची वेळ पाहून जळगावात चौविहार करणारा माणूस, मनात नसताना, सूर्यास्तानंतर जेवत असतो.

जळगाव आणि धुळे यांच्यातही तीन मिनिटांचा फरक आहे. एरंडोल, पारोळा करीत एस.टी.ने मी या रस्त्यावर कितीदा आलो-गेलो असेन, परंतु त्या वाटेवर आपण सूर्याच्या वेळेतून तीन मिनिटे पार करतो हे मला तोपर्यंत कधी सुचले नव्हते. सायंकाळी जळगावची वेळ धुळ्यात पाळली तर हरकत नाही. जेवण तीन मिनिटे आधी आटोपते. सकाळी मात्र जळगावची नवकारसी धुळ्यात धरली तर नियम तीन मिनिटे लवकर मोडतो. जीजींच्या दृष्टीने तीन मिनिटे ही लहान गोष्ट नव्हती. ती म्हणाली, "नियम मिनिटाचा असतो, तासाचा नाही."

त्या पहिल्या घड्याळाला स्वतःचे जीपीएस नव्हते. ते फोनकडून ठिकाण विचारी. पुतण्याने तो मार्गच सोडला. त्याने खानदेशातील गावांची यादी करून प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपमध्ये भरले आणि सूर्योदय-सूर्यास्ताचे गणित घातले. जीजींनी एकदा 'धुळे' निवडावयाचे, बस्स. बाकी दहा कल्पना त्याने एकेक करून वगळल्या. शेवटी अ‍ॅपमध्ये दोनच गोष्टी उरल्या: सकाळी नवकारसीची वेळ झाली की एक टिचकी, आणि सायंकाळी सूर्यास्तास अर्धा तास उरला की दोन. पडद्यावर मोठ्या अक्षरांत वेळ. आवाज नाही, चित्र नाही, दुसरा निरोप नाही.

२०१६ च्या चातुर्मासात ते घड्याळ जीजींच्या हातावर होते. त्याच्या जोडीचा जुना फोन कपाटावर चार्जिंगला लावलेला असे. सूनबाईंनी मला सांगितले की पहिल्या आठवड्यात जीजी सायंकाळी आपणहून स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "वेळ होत आली, वाढतेस ना?" सामायिकाला बसताना त्या घड्याळ काढून ठेवीत आणि रेतीची घडी उलटी करीत. नव्या घड्याळाला त्यांनी त्याची जागा दिली होती आणि त्याची मर्यादाही. मी माझ्या वहीत 'रोज वापरणारा एक माणूस' या अटीपुढे बरोबरची खूण केली.

आता त्या आवाराकडे पुन्हा पाहू. आमचे अ‍ॅप तयार होत असतानाच जगात मोठी उलथापालथ चालू होती. पेबल नावाच्या छोट्या कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये एक लाख डॉलर मिळावेत म्हणून लोकांना आगाऊ पैसे भरण्याचे आवाहन केले होते. ६८,९२९ लोकांनी मिळून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. तिचे घड्याळ साधे होते, भर उन्हात वाचता येई, अनेक दिवस चार्जिंग टिके, आणि विशेष म्हणजे बाहेरच्या लोकांना तबकडीसुद्धा स्वतः बनविण्याची मोकळीक होती. हजारो हौशी लोकांनी त्यासाठी अ‍ॅप लिहिली. तरीही डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद पडली, तिची मालमत्ता फिटबिटने घेतली, आणि जून २०१८ अखेर अ‍ॅपचे अधिकृत दुकानही मिटले. गाळेवाल्यांचा माल चांगला होता, आवारच उठले. त्या घड्याळाच्या चाहत्यांनी मात्र 'रेबल' नावाने स्वयंसेवकांची व्यवस्था उभारून ती अ‍ॅप चालू ठेवली. आवार गेल्यावर गाळेवाले आणि गिऱ्हाईक यांनी मिळून बाजार भरविला, असे उदाहरण विरळाच.

दुसरीकडे, आवार भक्कम असूनही गाळेवाले उठून गेले. गुगलचे नकाशे, अ‍ॅमेझॉन आणि ईबे यांनी २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळावरील आपली अ‍ॅप काढून घेतली, इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये. नवल असे की काही आठवडे ही गोष्ट कोणाच्या फारशी लक्षातही आली नव्हती. ज्या वस्तूच्या जाण्याने कोणाचे अडत नाही, तिला बाजारात जागा मिळाली होती, गिऱ्हाईक मिळाले नव्हते. नकाशे पुढे २०२० मध्ये परत आले, तेही वळण कोठे घ्यावयाचे एवढे मनगटाला सांगण्याचे माफक काम घेऊन. जी बाहेरची अ‍ॅप टिकली ती बहुधा अशीच आहेत: धावणाऱ्याचे अंतर मोजणारी, औषधाची आठवण देणारी, क्षणभर बोलून गप्प बसणारी.

पुतण्याचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. वर्ष संपल्यावर त्याने स्वतःच येऊन सांगितले, "काकासा, यात पोट भरणार नाही. पण मला आता काम कसे करायचे ते कळले." सकाळी पेढीवर बसल्याने त्याला धान्य बाजाराच्या नोंदी, तोलाई, हमाली, उधारी यांची खडान्खडा माहिती झाली होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि दाणा बाजारातील प्रत्येक व्यापाऱ्याला हिशेबाची नवी पद्धत लागली. तेव्हा त्याने आधी आपल्या पेढीसाठी आणि मग शेजाऱ्यांसाठी बिल व साठ्याचा प्रोग्राम लिहिला. लिहिण्यापूर्वी तो प्रत्येक मुनीमजींजवळ दोन दिवस नुसता बसत असे. पाच लाख त्याने त्या वेळी मागितले आणि भाईसाहेबांनी न विचारता दिले. आज त्याच्याकडे आठ मुले काम करतात, आणि पेढीच्या वरच्या मजल्यावर त्याची कचेरी आहे. बाप-लेकांचे दुपारचे जेवण रोज एकत्र होते. वाद आता कापसाच्या आणि तुरीच्या भावावरून होतात. घड्याळाचे अ‍ॅप तो नातेवाइकांना विनामूल्य देतो आणि दरवर्षीची फी धर्मखाती टाकतो. जीजी आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या मनगटावर तिसरे घड्याळ आहे.

आता तर दीड-दोन हजारांत स्मार्टवॉच मिळते आणि गल्लीगल्लीतील मुलांच्या हातांवर दिसते. त्यातील बहुतेक स्वस्त घड्याळांत बाहेरच्या माणसाला अ‍ॅप घालण्याची सोयच नसते. कंपनीने भरून दिले तेवढेच. एका अर्थी आपण एचएमटीच्या काळात परत आलो आहोत, फक्त किल्लीऐवजी चार्जर आला. परंतु नवी आवारे उघडण्याचे काही थांबत नाही. घड्याळानंतर बोलणारी यंत्रे आली, विचार करणारी यंत्रे आली, उद्या आणखी काही येईल. आपल्या घरातील मुले त्यांत गाळा मागावयास जाणारच, आणि जावेच. व्यापारी समाजाने नवी बाजारपेठ पाहून पाठ फिरविली असती तर मारवाडातून खानदेशात आपले पूर्वज आलेच नसते.

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी नकार देण्याची घाई करू नये, आणि पैसे देण्याचीही करू नये. जागा कोणाची आहे आणि मालक उठ म्हणाला तर काय उरेल, हे मुलाला विचारावे. गिऱ्हाईक कोण, त्याचे नाव काय, हे विचारावे. 'सर्व लोक' हे उत्तर मान्य करू नये. आणि त्याने तयार केलेली वस्तू त्या माणसाचा किती वेळ घेते आणि किती वेळ वाचविते, याचा हिशेब मागावा. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्याचे एक वर्ष गेले तरी ते वाया जात नाही. ते वर्ष घराने आनंदाने सोसावे. व्यापारात त्यालाच भांडवल म्हणतात.